अंबाडीची पानं का करपली

माझा धंदाच फॉल्ट शोधण्याचा. दोह्याच्या वेस्ट बेमधल्या एका टॉवरच्या एसीचा सगळा कारभार माझ्याकडे आहे. कुठल्या मजल्यावर गार होत नाही म्हणून फोन आला की मी निघालोच. पद्धत एकच. आधी वीज बघायची, मग पाणी, मग हवा. एकेक कारण बाद करत जायचं, शेवटी जे उरेल तो फॉल्ट. या पद्धतीचा मला भारी गर्व. "तुम्हाला ताप आला तरी तुम्ही आधी फ्यूज बघाल," असं बायको म्हणते, आणि मी ते कौतुक समजत आलो. गेल्या हिवाळ्यात आमच्या अंगणातल्या अंबाडीचा फॉल्ट मी याच पद्धतीने शोधला. सापडला. तेव्हापासून त्या अंगणाकडे नुसतं बघितलं तरी माझ्या कानाच्या पाळ्या तापतात.

आम्ही अबू हमूरला एका व्हिलाच्या खालच्या पोर्शनमध्ये राहतो. व्हिला म्हटलं की गावाकडच्यांना वाटतं, साहेबांनी बंगला घेतला. कसला बंगला! एका घराचे जिप्समच्या भिंती घालून तुकडे पाडलेत, त्यातला एक आमचा. पण नशिबाने मागचं हौश आमच्या वाट्याला आलंय. हौश म्हणजे उंच भिंतीआडचं अंगण. तिथे आमची वॉशिंग मशीन, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि वर राहणाऱ्यांच्या एसीचं ठिबकणारं पाणी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, हवा जरा निवल्यावर ऑक्टोबरात आले. आई गेल्यापासून ते नांदेडकडच्या आमच्या गावात एकटेच होते. जन्मभर एसटीत कंडक्टर. रिटायर होऊन जमाना झाला तरी आवाज तोच. एअरपोर्टच्या लिफ्टमध्ये शिरताना "चला, पुढं सरका" म्हणाले, आणि आत उभ्या असलेल्या दोन फिलिपिनो बायका खरंच सरकल्या. घरी आल्यावर त्यांनी बॅग उघडली. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि सगळ्यात खाली रुमालाच्या गाठीत बांधलेलं अंबाडीचं बी. आईने परसात धरलेलं शेवटचं.

"हिला माझ्या हातची अंबाडी खाऊ घालायची," नातीकडे बोट दाखवून ते म्हणाले. "आन् ही माझ्याशी दोन शब्द बोलली की मी जायला मोकळा."

व्हिसा वाढवून वाढवून किती वाढणार? हिवाळ्याच्या शेवटी त्यांना परत जायचंच होतं. तेवढ्या वेळात बादलीत अंबाडी वाढवायची आणि नात बोलती करायची, असे त्यांचे दोन कार्यक्रम होते. पहिला सोपा वाटला.

आमची मुलगी इथेच जन्मली. तेरा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, अगदी आम्ही दबक्या आवाजात तिच्याबद्दल बोलतो तेही कळतं; पण उत्तर इंग्रजीत. लहान होती तेव्हा बोलायची मराठी. तिचं ते तोडकंमोडकं बोलणं ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. गणपतीला इथली आपली मंडळी जमली की जेवणं झाल्यावर कुणीतरी मला म्हणायचंच, "जरा लेकीची नक्कल करून दाखवा ना." मी करायचो. चांगली जमायची मला. लोक हसून हसून डोळे पुसायचे. मग कधीतरी तिने मराठी बोलणं सोडलं, आणि आम्ही म्हणालो, इंग्लिश मीडियमची पोरं अशीच.

अण्णांना इंग्रजी फारसं येत नाही. त्यामुळे दोघांचं बोलणं म्हणजे अण्णांनी मराठीत विचारायचं, तिने "येस", "नो" किंवा "ओके, आजोबा" म्हणायचं. तेवढ्यावरही म्हातारा खूश.

मी साइटवरून रंगाच्या चार रिकाम्या बादल्या आणल्या, ड्रिलने बुडाला भोकं पाडली, नर्सरीतून माती आणली. बी उगवलं. सुरुवातीला अंबाडीचं पान साधं, गोलसर असतं, बघून कुणाला काही वाटणार नाही. रोप गुडघ्याएवढं झालं की मात्र पान फाटायला लागतं. त्याला बोटं फुटतात, पाच, कधी सात, कडा करवतीसारख्या. अण्णा रोज सकाळी शाळेची बस यायच्या आधी पोरीला हाक मारायचे, "ये माय, बघ! कसं पंज्यावानी पान आलंय!" ती दप्तर पाठीवर घेऊन दारात यायची, बघायची, "नाइस, आजोबा" म्हणायची आणि पळायची. "नाइस म्हणाली," अण्णा मला सांगायचे. मला म्हणजे, तिथेच उभ्या असलेल्या मला.

एकदा गाडीत तिने मला विचारलं होतं, बाबा, ते आजोबांचं झाड कसलं आहे? मी ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, डोकं फिरलेलं. थट्टेत म्हणालो, "ते आजोबांचं टॉनिक आहे. त्याच्याशिवाय त्यांना चैन पडत नाही." ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, जोक कळला.

पहिली खुडणी झाली तेव्हा जेमतेम दोन मुठी पाला निघाला. घरात त्याची भाजी करणार, तेवढ्यात वरच्या पोर्शनमधली वहिनी कपडे आणायला खाली आली. रत्नागिरीकडचं कुटुंब आहे, नवरा ड्रायव्हर, आणि तिला तेव्हा पाचवा महिना लागलेला. पाला बघून ती थबकली. "अण्णा, अंबाडी का ही? देवा, किती वर्षांनी बघते!" एवढंच म्हणाली. मागितली नाही काही. पण अण्णांनी लगेच पाला प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला. "पोटुशा बाईच्या जिभेवर आंबट आलं आन् आपण ते घरात ठेवलं, असं करायचं नसतं," ते मला म्हणाले. संध्याकाळी तिचा नवरा कामावरून आला तेव्हा जिन्यात गाठून ती पिशवी त्याच्या हातात दिली. तो हसला, खिशातून कागदात गुंडाळलेली अत्तराची बाटली काढून अण्णांच्या मुठीत कोंबली. आमची लेक शाळेच्या प्रोजेक्टचं सामान घेऊन मागून येत होती. अण्णांनी तिला डोळा मारला. "कुणाला सांगू नको हां माय. न्हाईतर सगळे मागायला येतील."

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं बरं का. आणि फॉल्ट शोधणारा मी तिथे उभा राहून हसत होतो.

पुढची खुडणी घरची, असं ठरलं. अण्णांनी लसूणसुद्धा सोलून ठेवला होता. पण नोव्हेंबर सरता सरता पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी खालच्या पानांची टोकं तपकिरी, मग सगळी कड, जणू कुणी काडी लावून विझवलीय. अण्णा म्हणाले, "थंडी लागली असंल." दोह्यातल्या थंडीत आम्ही पंखा लावून झोपतो! मी म्हणालो, अण्णा, तुम्ही बाजूला व्हा, हे माझ्याकडे सोपवा.

झालं. मी इंटरनेटवर बसलो. पानं बघून झाडाला काय कमी पडतंय ते कसं ओळखावं, याचे लोकांनी काय काय तक्ते केलेत! खालची जुनी पानं आधी बिघडली तर एक रोग, वरची कोवळी आधी बिघडली तर दुसरा. सगळं पान पिवळं तर नायट्रोजन. कड जळाली तर पोटॅश. शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं तर लोह. मला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम! खालची पानं, जळालेली कड, म्हणजे पोटॅश. नर्सरीतून खताची पिशवी आणली आणि चारी बादल्यांना मुठीने दिलं. आठवड्याभरात कडा आणखी जळाल्या. मग कोवळी पानं फिकट पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. म्हणजे लोह! लोहाची पावडर आणली. पाण्यात लाल कालवून घातली. झाडं आणखी कोमेजली. माती ओली, तरी पानं माना टाकून बसलेली.

ओल्या मातीत झाड कोमेजतं म्हणजे मुळं सडलीत, असं तक्त्यात लिहिलेलं. मुळं कशाने सडतात? जास्त पाण्याने. पाणी कोण घालतं? अण्णा. एकेक कारण बाद करत मी बरोब्बर अण्णांपाशी आलो.

"बादलीचा तलाव केलाय तुम्ही!" मी हौशमध्ये उभा राहून ओरडलो. "शंभरदा सांगितलं, मग्गाने मोजून घाला! मी दिवसभर तिकडे मरायचं, इकडे येऊन यात जीव घालायचा, आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ ओतताय!"

अण्णा "बरं" म्हणाले. हातातला मग्गा पालथा घालून त्यांनी वॉशिंग मशीनवर ठेवला. लेक दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, माझ्या आवाजाने भ्याली. बायको मला आत ओढून म्हणाली, "त्या माणसाला इथे एवढा एकच उद्योग आहे, तोही काढून घ्या." मी म्हणालो, "मग काय आरती ओवाळू?"

अण्णांनी पाणी घालायचं बंद केलं, तरी पानं जळायची थांबेनात. म्हणजे अण्णा बाद. मग मी वर बघितलं. वरचं गॅलरीचं पन्हाळ नेमकं आमच्या हौशवर. फरशी पुसलेलं पाणी खाली येत असणार, साबण, फिनेल, काय काय. जिना चढून गेलो आणि त्या भल्या माणसाच्या दारात उभा राहून बोललो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. "आमच्या झाडांत तुमची घाण येते" एवढं वाक्य लिहितो, त्यावरून बाकीचं समजावं. त्याची बायको आतून पोटावर हात ठेवून ऐकत होती. तो म्हणाला, "अहो भाऊ, ती वाकू शकत नाही म्हणून मीच पुसतो हल्ली. बाथरूममध्ये ओततो पाणी. गॅलरी तर कधीची धुतलीच नाय." मी "बघा मग" असं काहीतरी म्हणून उतरलो. काय बघा मग? मलाच माहीत नाही.

तीही शक्यता बाद झाली, तेव्हा शुक्रवारी सकाळी मी बादलीपाशी बूड टेकून बसलो. मातीवर पांढरी पापडी धरलेली होती. ती मी आधीही बघितली होती, पण खताची असेल म्हणून सोडून दिलेली. बोटावर घेतली आणि जिभेला लावली. खताची खारट चव कडवट असते, जिभेला चावते. ही तशी नव्हती. ही साधी, वरणातली, आपल्या घरातली चव होती.

"मीठ आहे हे," मी आत येऊन म्हणालो.

बायको कणीक मळत होती. ती थांबली. "म्हणजे? अहो, मी महिनाभर बघतेय, पुडा आणला की संपतोय. मला वाटलं अण्णा ताकात घालून घेतात. त्यांचं बीपी, म्हणून बोलणार होते, पण त्यांना काय वाटेल म्हणून गप्प बसले."

दुपारी सगळे जेवायला बसलो. मी पोलिसासारखा सगळ्यांकडे बघत विचारलं, "बादल्यांत मीठ कोण टाकतंय?"

अण्णांना वाटलं मी परत त्यांच्यावर घसरलो. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि मान खाली घातली. ते बघून लेक रडायलाच लागली.

"आय डिड इट. बाबा, स्टॉप इट. आय डिड इट."

मग ती इंग्रजीत जे बोलली ते मी मराठीत सांगतो. शाळेत कुणीतरी येऊन नशेबद्दल माहिती सांगून गेले होते. पडद्यावर त्या पानाचं चित्र दाखवलं होतं. पंज्यासारखं, करवतीच्या कडांचं. या देशात ते घरात सापडलं तर काय होतं तेही सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी हाक मारली, ये माय, बघ. तिने बघितलं. बाबा म्हणाले होते की आजोबांना त्याच्याशिवाय चैन पडत नाही. आजोबांनी जिन्यात पाल्याची पिशवी देऊन कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेतलेलं तिने स्वतः बघितलं होतं, आणि वरून आजोबा म्हणाले होते, कुणाला सांगू नको. ती कुणाला सांगणार? शाळेत सांगितलं तर आजोबा तुरुंगात. आम्हाला विचारलं तर, तिला वाटलं, आम्हाला माहीतच आहे. मग तिने झाड कशाने मरतं ते शोधलं. रोज दुपारी शाळेतून आल्यावर, अण्णा पडलेले असताना, ती पाण्याच्या बाटलीत मीठ कालवून घालत होती. मी इकडे पोटॅश देत होतो, ती तिकडे मीठ.

"आय वॉज सेव्हिंग हिम," ती म्हणाली.

गांज्याचं पान मी आयुष्यात धड बघितलेलं नव्हतं. ताटावरून तसाच खरकट्या हाताने फोन घेतला आणि त्यावर चित्र शोधलं. अंबाडीच! नीट बघितलं तर फरक कळतो, पण तेरा वर्षांच्या पोरीने कशाला नीट बघायचं?

"काय म्हणायली ती?" अण्णा विचारत होते. "कामून रडायली पोर?"

"काही नाही अण्णा. चुकून सांडलं म्हणते मीठ."

"जन्म गाडीत गेला माझा," अण्णा म्हणाले. "बिनतिकिटाचा माणूस मला पाठमोरा वळखू येतो. खरं सांग."

मग सांगावं लागलं. माझ्या तोंडून. ज्या माणसाने आयुष्यात बिडीला हात लावला नाही, गाडीत कुणी दारू पिऊन चढला तर रानात उतरवून दिला, त्याला मी सांगितलं की अण्णा, तिला वाटलं तुम्ही गांजा लावलाय. आणि लोकांना विकताय.

"हॅ!" अण्णा आधी हसले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि हसू तिथेच विरलं. "म्हणजे इतके दिवस ही, मला पोलीस नेतील म्हणून भ्यायली?"

"हो."

"आन् मी रोज सकाळी हाका मारमारून तिला तेच दाखवायलो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग एकदम तिच्याकडेच वळले. "पण माय, मला इचारायचं की. आजोबा, हे काय हाय? एवढंच. कामून इचारलं न्हाईस?"

तिला कळलं ते. उत्तर देताना मात्र तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"इन मराठी?" ती म्हणाली. "बाबा लाफ्स. बाबा टेल्स एव्हरीवन."

अण्णा माझ्याकडे बघत होते, मी सांगीन म्हणून. मी पाण्याचा ग्लास उचलला. बायकोने सांगितलं. "ती म्हणते, मी मराठी बोलले की सगळे हसतात."

सगळे. ती 'सगळे' म्हणाली नव्हती. बायकोने मला वाचवलं, आणि ते मला जास्त झोंबलं. गणपतीतली ती हसणारी तोंडं, माझं ते हात उडवून केलेलं बोलणं, आणि कोपऱ्यात मोदकाची वाटी घेऊन उभी असलेली लेक, सगळं एकदम समोर आलं. ती हसत असायची तेव्हा. मी शपथेवर सांगतो, ती पण हसत असायची. आता वाटतं, चारचौघांत दुसरं काय करणार होतं ते लेकरू?

जेवण तसंच राहिलं. मी हात धुतले आणि वर गेलो. शेजाऱ्याने दार उघडलं, तर मला "माफ करा" म्हणायलाही नीट जमलं नाही. मी म्हणालो, "पन्हाळाचा काही संबंध नाही." तो म्हणाला, "नाय हो, होतं असं. कामाचं टेन्शन असतं माणसाला." वहिनीने चहा आणून दिला. ज्या हाताने मी बोट दाखवून बोललो होतो, त्याच हातात तो कप. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खाली आलो तर अण्णा बॅगेपाशी बसलेले. आवरत नव्हते, नुसते बसलेले.

"तिला तुझ्या इंग्रजीत सांग," ते म्हणाले. "आजोबाचं चुकलं. म्हणावं, उद्या सकाळी उपटून टाकतो सगळं. भिऊ नको."

"अण्णा, तुमचं काय चुकलं त्यात?"

"पोर माझ्यामुळं भ्याली. सांग म्हणलं की."

अरे, मी ओरडलो यांच्यावर. हातातला मग्गा काढून घेतला. आणि माफी हे मागतायत, तीही माझ्याच तोंडून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीच्या खोलीत गेलो. ती पालथी पडून होती. मी इंग्रजीत सांगितलं: ती भाजी आहे. आपल्या गावाकडची. लोक भाकरीबरोबर खातात. आजोबा सॉरी म्हणतायत. माझी सॉरीही त्याच्या मागोमाग सांगायची होती, पण ती आजोबांच्या सॉरीच्या आडून कशीबशी निघाली. ती उशीतूनच म्हणाली, "ओके." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, झाडं वाचतील का?

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, तेवढंच ठाऊक होतं. मातीतलं मीठ काढायचं असेल तर खत-बित काही नको. नुसतं पाणी, वरून ओतत राहायचं, खालच्या भोकातून वाहू द्यायचं, परत ओतायचं. संध्याकाळभर मी नळी लावून बसलो. तीन बादल्या गेल्यातच जमा होत्या. भिंतीच्या कोपऱ्यातल्या चौथीत मात्र शेंड्याला थोडा हिरवा पाला होता आणि एक कळी धरलेली. त्या बादलीत ती कमी मीठ घालायची म्हणे. कळी बघून तिला धीर व्हायचा नाही.

शनिवारी सकाळी अण्णा हौशमध्ये उकिडवे बसून मेलेली झाडं उपटत होते. मुळांची माती झटकून एका बाजूला रचत होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. खिडकीला जाळी आहे, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. आज अण्णांनी हाक मारली नाही. दार सरकल्याचा आवाज आला आणि लेक आपणहून बाहेर आली. नाइट सूटमध्ये, केस विस्कटलेले. कोपऱ्यातल्या बादलीपाशी जाऊन उभी राहिली.

"आजोबा," ती म्हणाली. मग मराठीत, एकेक शब्द चाचपत, "आजोबा, हे काय आहे?"

अण्णांनी मान वर केली. हात धोतराला पुसले.

"अंबाडी हाय माय."

त्यांनी शेंड्याचं एक पान खुडलं. तिला दिलं नाही. आधी अर्धं स्वतः तोंडात घालून चावलं, गिळलं, आणि तोंड उघडून तिला दाखवलं, दवाखान्यात दाखवतात तसं. मग उरलेलं अर्धं पुढे केलं. तिने खाल्लं. तिचा सगळा चेहरा आकसला.

"आंबट!"

"हां! मग? आंबटच असतंय!"

आणि ती बोलायला लागली. मराठीत. काय ते मराठी! निम्मे शब्द इंग्रजी, कुठला शब्द कुठे जोडलेला, मध्येच अडली की हाताने दाखवायची. शाळेत काय सांगितलं ते सांगत होती, पोलीस कसे येतील असं तिला वाटलं ते सांगत होती, मीठ कुठे लपवायची ते सांगत होती. अण्णा मातीने भरलेले हात गुडघ्यावर ठेवून ऐकत होते. हसले नाहीत. एकदाही नाही. मध्ये मध्ये तेवढं "हां, मग?" म्हणत होते, "आन् मग?", आणि ती पुढे सांगत होती.

तिने एका ठिकाणी असं काही वाक्य जुळवलं की माझ्या ओठांवर हसू आलंच. सवयीने. मी हाताने तोंड दाबलं.

बायको मागे येऊन उभी होती. तिने दोघांचे कप भरून ट्रेमध्ये ठेवले, माझाही ठेवला. "जा ना बाहेर," ती हळूच म्हणाली. "बसा त्यांच्यात."

मी ट्रे उचलला. दारापर्यंत गेलोसुद्धा. बाहेर लेक हात उडवून सांगत होती, थेट माझ्यासारखे. मी ट्रे परत बायकोच्या हातात दिला.

"तू जा," मी म्हणालो. "मी गेलो की ती बोलायची थांबेल."

बायकोने माझा कप ओट्यावर काढून ठेवला आणि ती बाहेर गेली.